दोन खेपांचा माणूस

आमच्या इमारतीत एक भाडेकरू होऊन गेला. तो चहासुद्धा दोन खेपांत प्यायचा. कप एकच, पण दारातून आत आला की म्हणायचा, "मामी, अर्धाच द्या, अर्धा पातेल्यात राहू द्या." अर्धा पिऊन झाला की कप खाली ठेवायचा, दोन गोष्टी बोलायचा आणि मग उरलेला मागायचा. आमची कारभारीण आधी चिडायची, एकाच माणसाचा चहा दोनदा गरम करावा लागतो म्हणून. मग तिला त्याची सवय झाली. मला झाली नाही. मी सवय करून घेणारा माणूस नाही.

त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. मूळ नांदेडचा. घरात टेप-रेडिओ दुरुस्तीचं काम चालत आलेलं, त्यातून हा कॉम्प्युटरात शिरला. आमच्या दुसऱ्या मजल्यावर क्लास होता, त्या क्लासची वेबसाईट सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो राहायचा. लातूरला तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघून राहिले होते. ज्याच्याकडं दोन खोल्या, त्यानं एकीत मेस काढली आणि दुसरीत बाहेरगावची पोरं ठेवली. माझ्याकडं तर तीन मजले होते.

ते तीन मजले मी धान्याच्या मोंढ्यात पोती वाहून उभे केले. हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगतो. शाळा तिसरीपर्यंत. पाढा चुकला म्हणून मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी जो बाहेर पडलो तो थेट लातूरच्या मोंढ्यात येऊन थांबलो. तिथं ज्वारीचं क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि फळीवरून चालत ट्रकमध्ये चढायचं, एका दमात, एका खेपेत. एका पोत्याला दोघं लावणाऱ्याला आम्ही हमाल म्हणत नव्हतो. पुढं नियम आला, की पोतं पन्नास किलोचंच भरायचं. नियम चांगला होता, तरण्या पोरांच्या पाठी वाचल्या. पण मी त्याच हंगामात काम सोडलं. पन्नास किलो उचलून मला घाम येत नव्हता, आणि घाम न येता मजुरी घ्यायला लाज वाटत होती.

तर असा मी, आणि माझ्याच छपराखाली असा तो.

राहायला आला तेव्हा त्यानं टेम्पो केला नाही. नांदेडहून एसटीनं यायचा, दर वेळी हातात थोडं थोडं. एकदा दोन पातेली, एकदा उशी आणि घड्याळ, एकदा नुसतं पोळपाट, लाटणं पुढच्या फेरीला. मी कट्ट्यावर बसून बघायचो. शेवटी राहवलं नाही.

"उस्ताद, संसार आणून राहिले का भाजी?"

"मामा, एकदम आणला अन् गाडी पलटी झाली तर सगळा संसार रस्त्यावर. असा आणला तर रस्त्यावर नुसतं पातेलं."

"अन् गाडी पलटलीच न्हाई तर?"

"मग पातेलं घरात," असं म्हणून तो वर गेला. म्हणजे पातेलं घेऊन वर गेला. झाकण न्यायला परत खाली आला.

पेपर सकाळी अर्धा वाचायचा, अर्धा संध्याकाळी. मी म्हणायचो, संध्याकाळपर्यंत बातमी शिळी होते. तो म्हणायचा, "होऊ द्या ना, मला कुठं ती वाढायची हाय." कशाचंही आधी वजन विचारायचा. लग्नाची पत्रिका हातात दिली तर आधी ती तळहातावर जोखायचा, मग उघडायचा. इमारतीतल्या मेसवाल्या बाईंचा जावई रुसला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "रुसवा किती किलोचा हाय?" बाईंनी उत्तरही दिलं होतं.

शर्टाच्या खिशात पेन असावा तिथं खडू असायचा. त्या खडूनं त्यानं माझ्या इमारतीवर जागोजाग हद्द लिहून ठेवली होती. हा त्याचा आवडता शब्द. पोटमाळ्यावर लिहिलं, "चाळीस किलो, त्यात मांजर धरून." पाण्याच्या टाकीवर लिहिलं, "पोरांनो, एक बादली." स्वतःच्या दारावर, "एका वेळी एक तक्रार." माझ्या कट्ट्यावरच्या बाकड्यावर लिहिलं, "दोन माणसं. मालक बसले असतील तर एकच." ते वाचून क्लासची पोरं हसायची. मी ओल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं.

जिन्याखाली तर त्यानं एका वेळी कोणी किती ओझं न्यावं, तेच मांडलं होतं. मेसवाल्या बाई, एक डबा. गॅसवाला, एक टाकी. क्लासचे सर, एक फाईल आणि एक फोन. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "मालक," आणि पुढं कोरं.

"इथं का न्हाई लिहिलं?" मी विचारलं.

"तुमची हद्द मी कशी लिहू, मामा? ती तुम्ही लिहा."

"माझी हद्द न्हाई."

"म्हणूनच तर कोरं सोडलं."

मला वाटलं, हा मान देऊन राहिला. म्हणून तेवढं पुसलं नाही.

त्याची आणखी एक खोड सांगतो. काहीही समजावून सांगायचं झालं तर तो समोरच्याच्या धंद्यात शिरून सांगायचा. मेसवाल्या बाईंना सांगायचा ते कणकेत, औषधाच्या दुकानवाल्याला गोळ्यांत, मला मोंढ्यात. त्यामुळं प्रत्येकाला वाटायचं की उस्तादाचं काम म्हणजे आपल्याच कामाचा धाकटा भाऊ. वेबसाईट म्हणजे काय असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "अडत दुकान. फक्त माल दिसतो, दुकान दिसत न्हाई. मशीन तिकडं पुण्याच्या अंगाला कुठंतरी भाड्यानं घेतली हाय. तिकडं बी तुमच्यासारखा एक मालक बसलेला हाय."

"तो बी कडक हाय का?"

"तुमच्यापेक्षा कमी. पण हाय."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

क्लासच्या सरांनी नांदेडला शाखा काढली. इथं लातूरला शिकवायचं, त्याचं शूटिंग वेबसाईटवर चढवायचं आणि ते तिकडं नांदेडच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पोरांनी बघायचं, असा बेत. मुखेडची, भोकरची, बिलोलीची पोरं घरी बसूनही बघतील म्हणाले. रविवारी उद्घाटन होतं. सर माझ्याकडं आले. चांगला माणूस, पण सदा घाईत. माझ्या तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचा क्लास सुरू झाला होता, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"आजोबा, सुरुवात तुमच्या आशीर्वादानं करायची. नांदेडला चला."

माझे गुडघे तेव्हाच गेलेले होते, पण ते मी कोणाला सांगत नव्हतो. मी म्हणालो, "मला एसटीतली गाणी आवडत न्हाईत."

"मग इथंच बोला, आम्ही शूटिंग करतो. पाच मिनिटं."

गुरुवारी मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. वर्गात फळ्यापुढं उभा राहिलो. शर्टाला त्यांनी माइक लावला. समोर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागं उस्ताद. मी बोलायला लागलो.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. पण समोर बाकावर दोन-चार पोरं बसली होती, आणि ती पोरं बघून मला वाटलं, ही भूकंपानंतर जन्मलेली. ह्यांना लातूर म्हणलं की क्लास आठवणार. आमचं गाव औशाच्या पलीकडं. गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि पहाटे गाव खाली बसलं. मी मोंढ्यात होतो म्हणून राहिलो. दिवस उगवायच्या आत आम्ही हमाल मिळेल त्या गाडीनं निघालो, कारण वजन उचलणारी माणसं आम्हीच. तर मी त्या पोरांना आमची गल्ली सांगायला लागलो. वेशीकडून घर धरलं, आणि एकेक घर घेत निघालो. पहिलं शिवा लोहाराचं, तो भाता ओढताना गाणं म्हणायचा आणि सूर भात्याला लागायचा, त्याला नाही. मग मैनाबाईचं, तिच्या दाराशी कोणी उपाशी दिसला तर ती आधी शिव्या द्यायची आणि मग भाकर. मग दोन भावांचं, बोलणं बंद पण चूल एक. मग आमचं. घरात कोण होतं, काय खायचे, कशावरून भांडायचे, सगळं. रडलो नाही. उलट पोरं हसत होती, कारण आमची गल्ली होतीच तशी. शेवटच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा पावणेदोन तास झाले होते. उस्तादानं एकदाही हात वर केला नाही.

सर शुक्रवारी सकाळी बघायला बसले. बघून झाल्यावर चष्मा पुसला. मग म्हणाले, "आजोबा, लई भारी. पण उद्घाटनाला एवढं कसं चालेल? ह्यातली पाच मिनिटं काढून घेऊ."

"कोणतं घर काढता?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पाच मिनिटांत एक घर बसतं. बाकी कोणती काढता ते सांगा. शिवा लोहार काढता का मैनाबाई?"

सर उस्तादाकडं वळले. त्यांना वाटलं, सगळ्या गोष्टी अर्ध्या करणारा माणूस आहे, हा तरी आपल्या बाजूचा असेल. "उस्ताद, कापून द्या हो जरा."

उस्ताद खिशातला खडू बोटांत फिरवत होता. म्हणाला, "न्हाई कापायचं, सर."

"अहो, एवढी मोठी फाईल चढत नाही तुमची. काल संध्याकाळपासून तुम्ही लावताय, बघतोय ना मी."

"न्हाई चढत. पण ते माझं बघणं हाय."

"मग पेन ड्राइव्हवर टाका, मी गाडीत घेऊन जातो."

"आज मामांचं बोलणं गाडीत न्याल. सोमवारपासून रोजची लेक्चरं काय एसटीच्या टपावर टाकून पाठवता? ही फाईल गेली तर तुमची शाखा चालली. न्हाई गेली तर नुसती फीत कापून काय करता?"

सर म्हणाले, ठीक आहे, उद्या दुपारपर्यंत पूर्ण चढली तर पूर्ण दाखवू. नाही तर पाच मिनिटांची दाखवू, आणि ती कोणती ते मी ठरवीन.

मी खुर्ची उचलून उस्तादाच्या खोलीत नेली आणि त्याच्या शेजारी बसलो. त्यानं खुर्चीचं वजन विचारलं नाही. तेव्हाच समजलो की काम अवघड आहे.

"एका खेपेत जायला पाहिजे," मी बजावलं. "तुकडे न्हाई करायचे. तोडलेलं बोलणं म्हणजे पडलेली भिंत."

"तुम्ही म्हणता तसं करू, मामा. आधी कोण अडवून राहिलं ते बघू."

आधी त्यानं एक चिमूटभर फाईल पाठवली. "रिकामं पोतं," म्हणाला. ते गेलं. मग थोडी मोठी. तीही गेली. मग तिच्या दुप्पट, मग तिच्याही दुप्पट. मला तिडीक आली. खरा माल बाजूला ठेवून हा रिकामी पोती नाचवतोय. असं करत करत एका ठिकाणी अडकलं आणि पडद्यावर इंग्रजीत काही आलं, आणि चारशे तेरा हा आकडा.

"चारशे तेरा काय हाय?"

"फाटकावरचा माणूस हाय. म्हणतो, एवढं मोठं पोतं घेऊन कुठं निघालास?"

"मग त्याला सांगा की मालकाचं हाय."

उस्तादानं सांगितलं. म्हणजे कुठंतरी आकडा होता तो वाढवला. परत पाठवली. परत चारशे तेरा. परत आकडा बघितला, बरोबर होता. उठून खिडकीशी गेला, अर्धा ग्लास पाणी प्यायला, आणि हसत परत आला.

"मामा, नवा नियम भिंतीवर लिहिला, पण वाचमनला उठवलंच न्हाई. तो अजून जुन्याच नियमात झोपून राहिलाय." काहीतरी बंद करून चालू केलं. मग पाठवली, आणि पडद्यावर वेगळीच ओळ आली. मला वाटलं, बिघडलं. उस्ताद तर टाळी द्यायला हात पुढं करून बसला.

"शिवी बदलली, मामा."

"त्यात काय आनंद?"

"आधी फाटकावरचा देत होता. आता आतला देऊन राहिला. म्हणजे आपण फाटकाच्या आत आलो."

हे मला पटलं. मोंढ्यातही असंच असतं. फाटकाची हद्द वेगळी, काट्याची वेगळी, अडत्याची वेगळी, गोदामाची वेगळी, आणि कोणीही दुसऱ्याला विचारून ठरवत नाही. उस्तादानं आत जाऊन फाईलीची हद्द वाढवली. तरी अडलं. तेव्हा म्हणाला, "बारदाना विसरलो."

"म्हणजे?"

"ज्वारी शंभर किलो. पण काट्यावर पोत्याचं वजन बी चढतं ना? फाईल एकटी जात न्हाई. तिच्यासंगं नाव, गाव, तारीख, असं सगळं गुंडाळून जातं. त्या सगळ्याची हद्द येगळी लिहावी लागती, अन् ती फाईलीपेक्षा थोडी जास्त लागती."

बारदान्याची जागा केली. मग आत कोणीतरी म्हणालं, लई वेळ लावता, आम्ही इतका वेळ दार उघडं ठेवत नाही. त्याची वेळ वाढवली. मग पुण्याच्या मालकाची हद्द निघाली. त्याला फोन करून उस्तादानं इतक्या अदबीनं विनवलं, की मला वाटलं हा माझ्याशी इतक्या अदबीनं कधी बोलला नाही. शनिवारी सकाळी एकदाची पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. माझं बोलणं चाललं होतं पुण्याला, एका खेपेत.

मी खुर्ची पुढं ओढली. पट्टी मुंगीच्या पायानं चालली होती. आमचीनं चहा आणला, उस्तादानं अर्धा घेतला. मी अंदाज करत होतो, आता शिवा लोहार गेला असेल, आता मैनाबाई. पट्टी चारातले तीन हिस्से भरली आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. पण खाली इंटरनेटची जी पेटी होती ती मेली. लाईट आल्यावर बघतो तर पट्टी कोरी. पहिल्या घरापासून परत.

"जेवढं गेलं तेवढं तरी तिकडं असंल ना?" मी विचारलं.

"न्हाई, मामा. एका खेपेचं असंच असतं. दारात पडलं की सगळं पडलं."

परत लावली. ह्या वेळी लाईट होती, लाईनच तुटली. दुपार होत आली. सर वर येऊन दारात उभे राहिले, घड्याळाकडं बघून "अंधार पडेपर्यंत थांबतो" म्हणाले आणि खाली गेले. उस्तादाला तुकड्यांची दुसरी रीत ठाऊक होती, आणि ती त्याला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी विचारलं, "तोडलं तर परत जुडंल?"

"जुडंल."

"सांधा दिसंल?"

"न्हाई दिसणार."

"कशावरून?"

"प्रत्येक फाईलीचा अंगठा असतो, मामा. आतला एक शब्द हलला तरी अंगठा बदलतो. इथं तोडायच्या आधी अंगठा घेऊन ठेवतो. तिकडं जोडल्यावर परत घेतो. दोन्ही जुळले तर एक श्वास बी हरवला न्हाई."

"मी सही करतो. अंगठा लावत न्हाई."

"तुमचा न्हाई, तुमच्या फाईलीचा."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणलं, "तोडा. पण घराच्या मधून न्हाई."

तो म्हणाला, मशीनला घर कळत नाही, ती वजनावर तोडते. "एखादं घर मधून तुटंल, मामा. पण परत उभं राहील." हे त्यानं असं सांगितलं, की मी खुर्ची मागं घेऊन त्याला जागा करून दिली.

तुकडे निघाले. एकेक जायचा आणि तिकडून पोच यायची. एकदा लाईन तुटली तर फक्त हातातला तुकडा परत पाठवावा लागला, आधीचे तिकडं शाबूत. उस्ताद प्रत्येकाला खडूनं भिंतीवर एक रेघ ओढत होता. माझीच भिंत. मी फडकं आणायला उठलो नाही.

रेघा ओढता ओढता तो म्हणाला, "भूकंपाच्या टायमाला मी नांदेडला होतो. मिसरूड फुटलेलं. आमच्या मोहल्ल्यानं घराघरातनं भाकरी गोळा केल्या, कांबळी गोळा केली. ट्रक एकच. मोठी माणसं म्हणाली, दोन खेपा कशाला, एकदम भरा. लई माया होती, मामा, मायेनंच भरला. मी वर भाकरीच्या गाठोड्यावर बसलो होतो. तिकडं पाऊस चालू. तुमच्याच भागात काळ्या रानात ट्रक जो रुतला, तो हलंच ना. समोर गाव दिसून राहिलं, अन् आम्ही भाकरीवर बसून."

"मग?"

"मग शेजारच्या गावचे लोक बैलगाड्या घेऊन आले. थोडं थोडं उतरवून नेलं. खेपा करत करत सगळं पोचलं. एक म्हातारा होता, त्याच्याकडं गाडी बी न्हवती. तो डोक्यावर एक गाठोडं न्यायचा, परत यायचा, दुसरं न्यायचा. त्याला बघून मला वाटलं, असं पाहिजे." त्यानं एक रेघ ओढली. "आमच्या घरी म्हणतात, तू ट्रकमधनं येडा होऊन आलास."

"बरोबर म्हणतात," मी म्हणलं. आमचीनं त्याला उरलेला अर्धा चहा दिला.

सगळ्या रेघा झाल्या. तिकडं जोडणी झाली. मग त्यानं इकडचा अंगठा पडद्यावर काढला, तिकडचा त्याच्याखाली मांडला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, अशा दोन लांबलचक माळा. मला म्हणाला, "तुम्हीच बघा." मला इंग्रजी येत नाही, पण चिन्हाखाली चिन्ह ताडून बघता येतं. मी बोट ठेवून एकेक ताडलं. सगळी एकसारखी. तेवढ्यात सर आले. मी त्यांना म्हणलं, "पोचली. सगळी घरं पोचली."

रविवारी उस्ताद सरांसोबत नांदेडला गेला. मी कट्ट्यावर बाकड्यावर बसलो होतो, बाकड्याच्या नियमाप्रमाणं एकटा. फोन वाजला. "मामा, ऐका," एवढंच म्हणून त्यानं फोन हॉलमध्ये वर धरला. आणि त्या फोनमधून मी बोलत होतो. शिवा लोहाराच्या भात्याची गोष्ट चालली होती. पोरं हसली.

मी सांधा शोधत होतो. कान लावून ऐकत होतो, की कुठं तोडलंय. मैनाबाईच्या घरात तोडलं असेल का, आमच्या घरात का. दोन भावांची चूल आली, गेली. कुठं अडकलं नाही, कुठं थडकलं नाही. गल्ली जशी होती तशी चालत राहिली.

मधूनच मी फोनमध्ये म्हणलं, "सर काय करून राहिले?"

"पाच मिनिटांनी उठले होते. मग बसले."

"अन् पोरं?"

"फोन खिशात घालून बसलेत. एक पोरगी रडून राहिली." जरा थांबून म्हणाला, "न्हाई, पडसं झालंय म्हणती. हातरुमालाची दुसरी घडी काढून राहिली."

शाखा चालली. रोजची लेक्चरं तुकड्या-तुकड्यानं नांदेडला जायला लागली, आणि वर्षभरात सरांनी उस्तादाला तिकडंच बोलावून घेतलं. त्याचं जाणंही त्याच्यासारखंच झालं. आला तसाच गेला, एसटीनं, थोडा थोडा. एकदा उशी, एकदा घड्याळ. दर वेळी आम्हाला वाटायचं, ही शेवटची फेरी. आमची डोळे पुसायची, आणि पुढच्या रविवारी हा परत दारात, पोळपाट न्यायला. शेवटी तिनं डोळे पुसणं सोडून दिलं, आणि नेमका त्याच वेळी तो परत आला नाही. खिडकीत एक खडू राहिला होता. फोनवर विचारलं तर म्हणाला, "ती खेप राहू द्या, मामा. एक खेप राहिली की माणूस परत येतो."

येतोही अधूनमधून. खडू नेत नाही.

परवा ज्वारी आणली. पन्नासचंच पोतं, आता क्विंटलचं मिळत नाही. रिक्षावाल्यानं जिन्याखाली टाकलं आणि गेला. आमची वरून म्हणाली, "थांबा, कोणालातरी बोलावते." मी म्हणलं, "बोलावू नको." पोत्याला हात घातला. पाठ तयार होती, हात तयार होते. गुडघ्यांनी नाही म्हणलं. तसाच वाकून उभा राहिलो. समोर भिंतीवर त्याचं अक्षर. मेसवाल्या बाई, एक डबा. गॅसवाला, एक टाकी. मालक, आणि पुढं कोरं.

मी पोत्याची शिवण उसवली. अर्धी ज्वारी दुसऱ्या पोत्यात काढली. अर्धी वर नेली, पत्र्याच्या कोठीत ओतली, खाली आलो. दम खाल्ला. उरलेली नेली, तिच्यावर ओतली. आमची कोठीशी उभी राहून बघत होती. मी कोठीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि ज्वारी वरखाली केली. पहिली खेप कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली, ते हाताला लागलं नाही.

मग खिडकीतला खडू घेतला आणि परत खाली गेलो. आमची जिन्यावरून वाकून म्हणाली, "आता काय करून राहिले?"

"कोरं राहिलं होतं तेवढं भरून राहिलो," म्हणलं, आणि माझ्या तिसरीच्या अक्षरात लिहिलं. अर्धं पोतं.